एका राहिलेल्या प्रश्नाचें उत्तर

खोपोलीस राहणाऱ्या मनुष्यास घाटावरून उतरणारे पाण्याचे नळ दाखविण्याचें कारण नाहीं. ते त्यानें लहानपणापासून पाहिलेले असतात; इतके कीं, पुढें पुढें ते त्याच्या डोळ्यांस दिसेनासेच होतात. वळवण, लोणावळें व शिरवटा येथील तलावांचें पाणी खंडाळ्यापर्यंत आणावयाचें, तेथून तें ५०० मीटरांहून अधिक खालीं सोडावयाचें आणि त्याच्या वेगावर चक्रें फिरवून वीज काढावयाची, ही योजना टाटांनीं १९१५ सालीं तडीस नेली. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. आज त्या वीजघराची शक्ति ७२ मेगावॅट आहे, आणि चक्रांतून सुटलेलें पाणी पाताळगंगेस मिळून खालच्या गांवांच्या व कारखान्यांच्या उपयोगी पडतें. आपल्या शाळेंतून बाहेर पडलेला प्रत्येक विद्यार्थी एवढें तरी सांगूं शकतो. परंतु या नळांपाशीं एकदां आम्हांस एक प्रश्न विचारण्यांत आला होता आणि त्याचें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें. तें उत्तर दुरुस्त करण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

गोष्ट २००८ सालच्या दिवाळीनंतरची. आम्ही नुकतेच शिक्षक झालों होतों. मिशनच्या वसतिगृहांत वाढलेले, मिशनच्याच कॉलेजांत रसायनशास्त्राची पदवी घेतलेले, आणि मुलांनीं विचारावें असें आपणांस न येणारें कांहीं उरलेलें नाहीं अशा समजुतींत असलेले, असे आम्ही तेव्हां होतों. आठवीचा वर्ग घेऊन आम्ही नदीकांठीं गेलों व नळांकडे बोट दाखवून ऊर्जेच्या रूपांतरावर व्याख्यान देऊं लागलों. उंचावरील पाण्यांत शक्ति साठलेली असते, तीच पुढें वीज होते, आणि त्या विजेनें पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन भागही करतां येतात, हें आम्हीं मोठ्या रंगांत येऊन सांगितलें. व्याख्यान संपलें तेव्हां डोंगराच्या कुशींतील एका वाडीवरून रोज पायीं येणारा एक मुलगा उभा राहिला.

“सर, समुद्राचं पाणी वर डोंगरावर चढवतो तो सूर्यच ना?”

“होय.”

“मग मधे एवढा खटाटोप कशाला? उजेडालाच सरळ पाणी फोडायला लावलं तर? नळ नको, चक्र नको, तारा नकोत. पाण्यांतूनच जळण.”

आम्हांस उत्तर येत नव्हतें. येत नाहीं असें म्हणावयाचें सोडून आम्ही म्हणालों, “तें काम झाडाच्या पानाचें, माणसाचें नव्हे. तूं काय झाडाचें पान आहेस?” सारा वर्ग हसला. मुलगाही थोडा हसला व खालीं बसला. त्यानंतर दोन वर्षें तो आमच्या वर्गांत होता. पण त्यानें पुन्हां प्रश्न विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. दहावीनंतर त्यानें शाळा सोडली.

आतां आमच्या चुकीचें माप पाहा. ज्या गोष्टीस आम्हीं माणसाच्या आवांक्याबाहेरची ठरविलें, ती त्या दिवसाच्या ३६ वर्षें आधीं छापून प्रसिद्ध झाली होती. १९७२ सालीं फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनीं टायटॅनियम डायऑक्साइड नांवाच्या पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचे घटक वेगळे करून दाखविले होते. हा पदार्थ दुर्मिळ नव्हे. भिंतीच्या पांढऱ्या रंगांत तो घालतात. त्याचा दोष एवढाच कीं, त्यास जांभळ्याच्या पलीकडील, डोळ्यांस न दिसणारे किरण लागतात, आणि सूर्याच्या ऊर्जेंत असल्या किरणांचा वांटा शेंकडा ४-५ च काय तो असतो. उरलेला दिसणारा उजेड कामास लावावयाचा, तर दुसरे पदार्थ शोधावयास हवेत. प्रकाशाच्या बळावर रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या व स्वतः न सरणाऱ्या अशा पदार्थांस प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. त्यांच्या शोधाचा हा इतिहास आम्ही बऱ्याच वर्षांनीं, पुण्यास एका शिक्षक-शिबिरास गेलों असतां, एका तरुण संशोधकाच्या तोंडून ऐकला. आणि ऐकतांना नदीकांठचा तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

प्रथम, उजेड पदार्थावर पडला म्हणजे आंत काय होतें, तें पाहूं. उजेडाच्या एका कणानें आंतील एक इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उठून वरच्या पायरीवर जातो. त्याची जुनी जागा रिकामी पडते. इलेक्ट्रॉन ऋण भाराचा. म्हणून ती रिकामी जागा धन भारासारखी वागते. वर गेलेला इलेक्ट्रॉन व मागें राहिलेली रिकामी जागा हीं एकमेकांस ओढीत असतात, आणि तीं दोन्हीं मिळून जोडीनेंच पदार्थांत हिंडतात. या जोडीस एक्सायटॉन असें नांव आहे. तिची कल्पना रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनीं १९३१ सालीं मांडली. आपल्या क्रीडादिनीं दोन मुलांचे पाय एकत्र बांधून जी तीन पायांची शर्यत लावतात, ती आठवा, म्हणजे एक्सायटॉनचें चित्र डोळ्यांपुढें येईल. जोडी बांधलेली आहे, तिला सीमारेषेपर्यंत पोंचावयाचें आहे, आणि वाटेंत पडली कीं डाव संपला. येथें पडणें म्हणजे इलेक्ट्रॉन पुन्हां आपल्या रिकाम्या जागेंत जाऊन बसणें. तसें झालें म्हणजे उजेडाची सारी कमाई थोड्या उष्णतेंत किंवा फिक्या प्रकाशांत उडून जाते, व पाणी होतें तसेंच राहतें.

या शर्यतींत कार्बनी पदार्थांच्या वांट्यास तीन अडचणी येतात. पहिली गांठीची. सिलिकॉनसारख्या पदार्थांत ही गांठ सैल असते. इलेक्ट्रॉनव्होल्ट या लहानशा मापाच्या हजाराव्या भागांनीं मोजलें, तर ती सुमारें १५ भरते. आणि खोलींतील साध्या उष्णतेची धडपडच सुमारें २५ असल्यामुळें जोडी आपोआप सुटते. कार्बनी पदार्थ मात्र दोन विरुद्ध भारांमध्यें आड येण्याच्या कामीं फार दुबळे. म्हणून त्यांच्यांत हीच गांठ शेंकड्यांत मोजावी लागते. उष्णतेच्या धक्क्यानें ती सुटत नाहीं. दुसरी अडचण आयुष्याची. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील असल्या थोड्याशा भागांतच जोडीचें आयुष्य सरतें. तिसरी अडचण वाटेची. एवढ्या आयुष्यांत ती साधारणपणें दहा नॅनोमीटर चालते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावे, त्यांतील एक म्हणजे नॅनोमीटर. भुकटीचा कण डोळ्यांस कितीही बारीक दिसला, तरी त्याच्या पोटांतून पृष्ठभागापर्यंतची वाट याच्या कित्येक पट लांब असूं शकते. आणि पाणी तर बाहेर पृष्ठभागावर वाट पाहत असतें. पोटांत जन्मलेल्या बहुतेक जोड्या वाटेंतच मरतात.

येथें सच्छिद्र पदार्थांचें महत्त्व ध्यानांत येतें. जोडीला पाण्यापर्यंत नेतां येत नसेल, तर पाणीच जोडीपर्यंत नेलें पाहिजे. पदार्थाच्या सर्वांगांत अतिसूक्ष्म व सारखीं छिद्रें असलीं, तर त्यांतील कोणत्याही ठिकाणापासून कांठ फार दूर राहत नाहीं. अशी रचना हातानें कोण करणार? रेणूंकडूनच ती करवून घ्यावयाची. दिवाळींत आपल्या अंगणांत ठिपक्यांची रांगोळी निघते; ठिपका कोठें द्यावयाचा हें एकदां ठरलें कीं, पुढील आकृति आपोआप जुळत जाते. तसाच एक तीन हातांचा रेणू व एक सरळ काठीसारखा रेणू घेतला, तर ते परस्परांस धरून षट्कोनी जाळी विणतात. अशा जाळ्यांचे थर वहीच्या पानांप्रमाणें एकावर एक बसले, म्हणजे षट्कोनांच्या नळ्या तयार होतात. असलीं कार्बनी जाळीं याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत २००५ सालीं प्रथम तयार केलीं. परंतु त्या पहिल्या जाळ्यांचे सांधे ओलाव्यानें सुटत असत. ज्यास पाण्यांतच काम करावयाचें, त्यानें पाण्यानेंच विरघळावें, यापरतें दुर्दैव कोणतें! आपल्या खोपोलीचा एक आषाढही त्यास मानवला नसता.

आणि ही अडचण दूर करण्याच्या कामीं मोठा वांटा आपल्याच घाटमाथ्यापलीकडील पुणें शहरानें उचलला, हें आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत राहुल बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं अशीं जाळीं सिद्ध केलीं कीं, तीं उकळत्या पाण्यांतही टिकलीं. त्यांतलें एक तीव्र अम्लांत, तर दुसरें तीव्र अल्कलींतही शाबूत राहिलें. त्यांची युक्ति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सांधे जुळवितांना पहिली क्रिया अशी ठेवावयाची कीं, ती उलटही फिरूं शकेल. म्हणजे चुकीच्या जागीं बसलेला रेणू सुटून पुन्हां नीट बसतो. रचना नीट जुळली कीं दुसरी क्रिया अशी घडते कीं, ती मागें फिरत नाहीं, व सांधा कायमचा पक्का होतो. आधीं चूक सुधारण्यास सवड आणि मग पक्केपणा, असा हा क्रम आहे. पुढें २०१३ सालीं याच मंडळींनीं असलीं जाळीं, द्रव न घालतां, साध्या खलांत घोटूनही करून दाखविलीं. आजीबाईच्या खलांत सुंठ उगाळली जाते, त्याच कृतीनें नव्या युगाचा पदार्थ निघावा, याची आम्हांस मोठी मौज वाटली.

मग २०१४ सालीं त्याच प्रयोगशाळेंत याची सूर्यप्रकाशाच्या कामावर परीक्षा झाली. कॅडमियम सल्फाइड हा पिवळा पदार्थ दिसणारा उजेड चांगला शोषतो. पण त्यांत सुटलेले इलेक्ट्रॉन लवकरच परत जागेवर बसतात. त्या पदार्थाचे सूक्ष्म कण जाळ्यावर बसविले, तेव्हां वजनानें शेंकडा १ इतकेंच जाळें असतांनाही कामाचा वेग दसपट झाला. शेंकडा १० जाळें असतांना, एक ग्रॅम भुकटीमागें दर तासास निघणारा हायड्रोजन १२४ मायक्रोमोलवरून ३,६७८ मायक्रोमोलवर गेला. म्हणजे सुमारें तीसपट. जाळ्यानें स्वतः कांहीं पराक्रम केला असें नव्हे. त्यानें कणांस बसावयास प्रशस्त जागा दिली, आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनास परत फिरण्यापूर्वीं पुढें जावयास वाट दिली.

वाट देणें हीच या विद्येची गुरुकिल्ली होय, आणि तिचे प्रकार अनेक आहेत. एक प्रकार आपल्या नळांसारखा, उताराचा. जाळें विणतांना एक रेणू इलेक्ट्रॉन देणारा व शेजारचा घेणारा निवडला, तर जोडीच्या मार्गांत उतार तयार होतो. इलेक्ट्रॉन एका बाजूस घसरतो, रिकामी जागा दुसऱ्या बाजूस राहते, आणि गांठ सुटते. मात्र येथेंही तारतम्य हवें. पाणी चक्रापर्यंत पोंचण्याआधींच त्याची निम्मी उंची वाटेंत खर्च झाली, तर चक्र काय फिरणार? तसाच उतार फार तीव्र केला, तर जोडी सुटते खरी, पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनांत पाणी फोडण्याचें बळ उरत नाहीं. पाण्याचे दोन घटक वेगळे करण्यास कमींत कमी १.२३ व्होल्ट लागतात. तें देणें चुकत नाहीं. दुसरा प्रकार ओलाव्याचा. छिद्रांत पाणी शिरलें, म्हणजे तें दोन भारांच्या मध्यें येऊन त्यांची ओढ कमी करतें. पण त्यासाठीं छिद्राच्या भिंतीस पाणी आवडलें पाहिजे. अळूच्या पानासारखी भिंत असेल, तर थेंब बाहेरच घरंगळतील. २०१८ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल येथें अँड्र्यू कूपर यांच्या सहकाऱ्यांनीं पाण्याची आवड असलेले सल्फोनचे गट जाळ्यांत गुंफले, आणि दिसणाऱ्या उजेडांत त्या जाळ्यानें हायड्रोजन काढण्याचें काम उत्तम केलें.

तिसरा प्रकार ऐकून आम्ही सर्वांत चकित झालों. जोडी सोडविली म्हणजेच काम झालें, असें आम्ही समजत होतों. पण कित्येक कामांत ती न सोडविणेंच हिताचें असतें. जोडी बांधलेलीच ठेवून तिच्यांतील ऊर्जा जशीच्या तशी शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूस देतां येते. त्यायोगें साधा ऑक्सिजन खडबडून जागा होतो, व रंगांसारख्या हट्टी द्रव्यांवर तुटून पडतो. मात्र ऑक्सिजन येण्याच्या आधीं जोडी सुटली, तर हें दान होत नाहीं. म्हणून एका कामास गांठ सैल असावी, तर दुसऱ्या कामास ती पक्की असावी. कोणत्या वेळीं सोडावयाचें व कोणत्या वेळीं धरून ठेवावयाचें हें ओळखून रेणूंची निवड करणें, यासच आज शास्त्रज्ञ एक्सायटॉनवर ताबा ठेवणें असें म्हणतात.

येथें पालकांस एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. हें सारें वाचून उद्यांच पाण्यावर मोटार चालेल, असें कोणी समजूं नये. वर सांगितलेल्या बहुतेक प्रयोगांत पाण्याबरोबर दुसरें एक द्रव्य घालावें लागतें. रिकाम्या जागा भरून काढण्याच्या कामीं तें स्वतः खर्ची पडतें. पुष्कळदां प्लॅटिनमसारख्या महाग धातूचा अंशही लागतो. कॅडमियम तर विषारी आहे. निव्वळ पाणी, निव्वळ सूर्य व स्वस्त भुकटी एवढ्यावर मोठ्या प्रमाणांत जळण निघावयास अजून पुष्कळ श्रम लागणार आहेत. तथापि हें कार्य पोकळ कल्पनेचें नव्हे. याच कुळांतील, धातू व कार्बनी काड्या यांच्या सच्छिद्र रचनांबद्दल कितागावा, रॉबसन व याघी या तिघांस २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

शिबिराहून परत आल्यावर त्या मुलास गांठावें असें आमच्या मनानें घेतलें, परंतु धीर होईना. शेवटीं गेल्या पावसाळ्यांत तोच शाळेच्या फाटकापाशीं भेटला. तो आतां मालाचा टेंपो चालवितो, व त्याची मुलगी यंदा पहिलींत बसली आहे. आम्हीं त्यास बाजूस घेतलें व म्हटलें, “नदीकांठीं तूं एकदां एक प्रश्न विचारला होतास. त्याचें उत्तर आम्हीं तुला चुकीचें दिलें. होत नाहीं म्हणालों, तें होतें.”

तो थोडा वेळ विचारांत पडला. मग ओशाळल्यासारखा म्हणाला, “प्रश्न कोणता तो नाही आठवत, सर. पोरं हसली होती तेवढं आठवतं.”

वाचकहो, आम्हांस त्या वेळीं काय वाटलें तें लिहवत नाहीं. त्याचा प्रश्न गेला होता. हसें तेवढें राहिलें होतें. तरी आम्हीं तेथेंच, पावसाच्या वळचणीस उभें राहून, त्यास जोडीची, जाळ्याची व पुण्याच्या भुकटीची सारी हकिगत सांगितली. टेंपोच्या दारास टेकून त्यानें ती शेवटपर्यंत ऐकली. मग पागोळ्यांकडे पाहत त्यानें विचारलें, “पण सर, ती भुकटी पावसाळे किती काढते?”

आम्ही या वेळीं हसलों नाहीं. आम्ही म्हणालों, “प्रयोगशाळेंत अजून तास आणि दिवस मोजतात, बाबा. पावसाळ्यांचा हिशेब व्हावयाचा आहे. तूं विचारलेंस तें अगदीं मर्माचें आहे. आम्ही शोधूं, आणि सांपडेल तें तुला सांगूं.” तो बरें म्हणाला व मुलीस पुढें बसवून निघून गेला.

विद्यार्थिमित्रांनो, मनांत उठलेला प्रश्नही त्या जोडीसारखाच अल्पायुषी असतो. कोठून तरी उजेड पडतो, मन आपल्या जागेवरून उठतें, आणि क्षणभरांत पोंचावयास कांठ मिळाला नाहीं, तर तें पुन्हां होतें तेथेंच बसतें. तो कांठ जवळ ठेवणें आम्हां शिक्षकांचें व तुमच्या आईबापांचें काम आहे. तें आमच्या हातून एकदां चुकलें. तुमच्याकडे आमचें मागणें इतकेंच कीं, प्रश्न सुचतांच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि कोणी हसलें तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारा. आणि पालकहो, रात्रीं जेवतांना मुलानें कांहीं अवघड विचारलें व उत्तर येत नसलें, तर येत नाहीं एवढेंच म्हणा. त्या मुलीच्या बापाचा प्रश्न आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे. त्याचें उत्तर आम्हीं अद्याप देणें आहों.